व्हिक्सबर्गचा गुहावास : एका वेढ्याच्या साक्षी आणि त्यांतील मौन

वेढ्याचे वर्णन करणारे वाङ्मय बहुधा तटावर उभे राहून लिहिलेले असते. सेनापतींचे खलिते, अधिकाऱ्यांच्या आठवणी, तोफांची संख्या आणि ढासळलेल्या बुरुजांचा हिशेब यांनी ते भरलेले असते. तटाच्या आत चूल कोण पेटवीत होते आणि मुले कोठे निजत होती, याची वार्ता त्यात क्वचितच येते. अमेरिकेतील यादवी युद्धात व्हिक्सबर्ग शहरास पडलेला वेढा या बाबतीत अपवाद म्हणावा लागेल. १८६३ च्या १८ मेपासून ४ जुलैपर्यंत हे शहर वेढ्यात होते, आणि त्या अवधीत तेथील नागरिकांपैकी पुष्कळांनी टेकड्यांच्या पोटात खोदलेल्या गुहांतून वस्ती केली. या गुहावासावर स्त्रियांनी लिहिले, प्रवाशांनी लिहिले, पुढे मासिकांच्या संपादकांनी अशा हकिकती मागवून छापल्या. युद्धशास्त्राच्या दृष्टीने या लेखनाचे मोल अल्प आहे. वाङ्मयीन दृष्टीने मात्र त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो : जमिनीखाली काढलेले दिवस सांगावयाचे कसे, आणि ते सांगण्याचा मार्ग ज्यांना सापडला त्यांनी त्याची किंमत कशाने चुकती केली?

प्रथम स्थळाचा विचार आवश्यक आहे, कारण येथे भूगर्भाने इतिहासाला हातभार लावला आहे. व्हिक्सबर्ग हे मिसिसिपी नदीच्या पूर्व तीरावरील उंच कड्यांवर वसलेले, युद्धापूर्वी सुमारे साडेचार हजार वस्तीचे शहर. नदीवरील वाहतूक कॉन्फेडरसीच्या हाती ठेवणारा तो शेवटच्या मोठ्या नाक्यांपैकी एक होता. त्याच्या टेकड्या लोएस नावाच्या मातीच्या आहेत. हिमयुगात नदीच्या खोऱ्यातील बारीक गाळ वाऱ्याने उडवून आणून येथे साठविला. त्याचे जाड थर झाले. या मातीचा गुण असा की ती कुदळीने सहज कापली जाते आणि कापल्यावर भिंतीसारखी सरळ उभी राहते. लाकडाचा फारसा आधार न देताही तीत खोली कोरता येते. पूर्वेकडून जनरल ग्रँटच्या फौजेच्या तोफा आणि पश्चिमेकडून नदीतील ॲडमिरल पोर्टरच्या आरमाराच्या उखळी तोफा अशा दुहेरी माऱ्यात नागरिकांची जीवितहानी वीसाच्या आतबाहेर राहिली असे सामान्यतः मानले जाते. ही संख्या इतकी अल्प राहिली याचे श्रेय या मातीकडे जाते. गुहांची संख्या सुमारे पाचशे सांगितली जाते. वेढा घालणाऱ्या सैनिकांनी, माळरानावर बिळे करून राहणाऱ्या प्राण्यांवरून शहराला एक थट्टेचे नावही ठेवले होते.

या गुहावासाचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ मेरी ॲन लॉफबरो या स्त्रीचा आहे. कॉन्फेडरेट सैन्यातील एका अधिकाऱ्याची ही पत्नी दोन वर्षांच्या मुलीसह शहरात अडकली. तिचे ‘माय केव्ह लाइफ इन व्हिक्सबर्ग’ हे पुस्तक १८६४ साली, म्हणजे युद्ध चालू असतानाच, न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढाच निर्देश होता. शत्रूच्या राजधानीसारख्या शहरात, शत्रूच्या प्रकाशकाने, शत्रुपक्षीय स्त्रीचे पुस्तक काढावे ही गोष्ट विलक्षण खरी. पण पुस्तक वाचल्यावर तिचे नवल ओसरते. त्यात राजकारण जवळजवळ नाही. युद्ध कशासाठी चालले होते हे त्यावरून समजणार नाही. त्यात आहे ते एक घर, आणि ते घर मातीच्या पोटात आहे.

त्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वी मार्क ट्वेनने मांडलेला एक सिद्धान्त पाहणे इष्ट आहे, कारण या विषयावर वाङ्मयीन म्हणता येईल असा पहिला विचार त्याचाच आहे. १८८२ साली ट्वेन पुन्हा नदीवरून फिरला आणि दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ या ग्रंथात त्याने व्हिक्सबर्गच्या वेढ्याला एक प्रकरण दिले. तेथे त्याने वेढ्यात राहिलेल्या एका सामान्य दांपत्याची साक्ष घेतली आहे. वीस वर्षांपूर्वीचे ते अद्भुत दिवस ही माणसे इतक्या सपाट, रोजच्या बोलीत का सांगतात, असा त्याला प्रश्न पडला. त्याचे उत्तर असे : हा अनुभव एक आठवडाभर टिकला असता तर त्यांची वाणी जन्मभर फुललेली राहिली असती, तो सहा आठवडे टिकला, आणि त्याची अपूर्वता झिजून गेली. एकदाच समुद्रप्रवास केलेल्या मनुष्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, दहा वेळा केलेल्याजवळ काहीच उरत नाही, असा दाखला तो जोडतो.

याच्या पुष्ट्यर्थ ट्वेनने दिलेला पुरावा मोठा मार्मिक आहे. त्या गृहस्थाने वेढ्यात रोजनिशी ठेवली होती. पण ती सहा आठवड्यांची नव्हे, पहिल्या सहा दिवसांचीच. पहिल्या दिवशी दाट अक्षरातील आठ पाने, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी सैल हाताने लिहिलेले एक, चौथ्या दिवशी तीन-चार ओळी, पुढचे दोन दिवस एखाददुसरी ओळ, आणि सातव्या दिवशी लेखन बंद. भयंकर व्हिक्सबर्गमधील जीवन एव्हाना नित्याचे झाले होते. ही उतरती भाजणी ट्वेनने विनोदाच्या अंगाने मांडली आहे, आणि वाचक हसून सिद्धान्त मान्य करतो. विनोदी लेखकाच्या सिद्धान्तांना हा एक लाभ असतो.

तथापि ट्वेनच्याच पानांवर या सिद्धान्ताला छेद देणारा मजकूर आहे. साक्षीदार सांगतो की गुहांत कधी कधी पंचवीस-तीस माणसे कोंबली जात, वळावयास जागा नसे, आणि हवा इतकी कोंदट होई की मेणबत्ती पेटली नसती. एका रात्री अशाच एका गुहेत मूल जन्मले. या गोष्टी तो जाता जाता, एकेका वाक्यात उरकतो. पण एक प्रसंग त्याने तपशिलाने सांगितला आहे. त्याच्याजवळ थोडीशी व्हिस्की उरली होती; वाटेत भेटलेल्या मित्राला ती घेण्यासाठी त्याने बोलावले आणि हस्तांदोलन करीत असता गोळा फुटून त्याच्या तुकड्याने मित्राचा हात तुटला व याच्या हातात लोंबत राहिला. आणि आपल्या मनात जो क्षुद्र विचार त्या क्षणी आला तोच इतर सर्व आठवणींहून अधिक काळ टिकणार, असे हा गृहस्थ म्हणतो. तो विचार असा की, व्हिस्की वाचली.

हे उदाहरण ट्वेनने हास्यासाठी वापरले आहे, परंतु त्याचा अर्थ त्याच्या सिद्धान्ताहून खोल जातो. अपूर्वता झिजल्यामुळे स्मृती बोथट झाली असती, तर हा क्षणही इतरांबरोबर बोथट व्हावयास हवा होता. तो धारदार राहिला, कारण त्यात त्या मनुष्याने स्वतःला पाहिले. गोळे, अंधार, उपासमार यांना सांगण्याजोगा कर्ता नव्हता. ते सर्वांवर सारखेच कोसळत होते. व्हिस्कीच्या विचाराला कर्ता होता, त्याला लाज होती, आणि लाजेमुळे त्याला गोष्टीचा आकार आला. तेव्हा रोजनिशी सातव्या दिवशी आटली ती अनुभव जुना झाला म्हणून आटली, हे निदान पुरेसे नाही. बिळात बसून गोळा पडण्याची वाट पाहणे या क्रियेत आरंभ, मध्य आणि शेवट यांपैकी काही नसते. लेखनाला ज्या सांगाड्याची अपेक्षा असते तोच तेथे नाही, आणि सांगाडा नसताना आठ पाने लिहिणारा हातही थोड्याच दिवसांत थकतो.

मराठी वाचकास येथे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८५८ साली झाशीला पडलेला वेढा गोडसे भटजींनी शहरात राहून पाहिला आणि सुमारे पंचवीस वर्षांनी, म्हणजे जवळजवळ ट्वेनच्याच वेळी, तो लिहून काढला. चिंतामण विनायक वैद्यांनी तो ग्रंथ १९०७ साली संपादून प्रसिद्ध केला. ट्वेनचा पक्षपाती म्हणेल की झाशीचा वेढा थोड्याच दिवसांचा होता, म्हणूनच गोडसे भटजींची वाणी ताजी राहिली. पण त्या ताजेपणाचे खरे कारण दिवसांच्या गणतीत शोधावयाचे नाही. द्रव्यार्जनासाठी घर सोडून निघालेला भिक्षुक, वाटेतील तीर्थे, आश्रयदाते, संकटे आणि शेवटी घरी परतणे, असा प्रवासाचा सिद्ध सांगाडा त्यांच्याजवळ होता आणि वेढा त्या सांगाड्यात एक मुक्काम म्हणून बसला. व्हिक्सबर्गच्या गृहस्थाजवळ असे काहीच नव्हते. तो कोठे निघालाच नव्हता.

लॉफबरोबाईंना सांगाडा सापडला, आणि तो त्यांना घरकामात सापडला. त्यांच्या पुस्तकातील सर्वांत समर्थ भाग हा गोळाबारीच्या वर्णनाचा नाही. त्या भागात भय, थरकाप, परमेश्वराचा धावा यांची त्या काळच्या स्त्रीलेखनातील ठरीव विशेषणे येतात आणि वाचकाला ती लवकरच पाठ होतात. लेखणी जिवंत होते ती मोजमाप घेऊ लागल्यावर. शहरातील पहिली गुहा सोडून त्या पतीच्या छावणीजवळच्या दुसऱ्या गुहेत राहावयास गेल्या. या गुहेचा आराखडा त्यांनी गृहिणीच्या नजरेने दिला आहे : तोंडापासून सहा फूट आत गेल्यावर दोन्ही बाजूंस फुटलेल्या दोन शाखा, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार, एका शाखेत नेमकी बसलेली खाट, दुसरीत कपडे करावयाची जागा. या दुसऱ्या शाखेची जमीन फूट-दोन फूट अधिक खोल खणली होती, त्यामुळे तेवढ्याच ठिकाणी ताठ उभे राहता येई. बाकीच्या भागात बसून बसून कंटाळा आला की लेखिका वाकून त्या शाखेत शिरे आणि काही वेळ नुसती पूर्ण उंचीने उभी राही. गोळ्यांची वाट पाहण्यातच जाणाऱ्या त्या निश्चल दिवसांत हा एक पालट होता, असे ती नमूद करते.

भूमिगत जीवनाविषयी याहून अधिक सांगणारे वर्णन या सर्व वाङ्मयात क्वचितच आढळेल. त्यात एकही मोठा शब्द नाही. मनुष्याचे उभे राहणे, जे जमिनीवर कोणाच्या ध्यानातही येत नाही, ते येथे दिवसातील एक घटना होऊन बसले आहे. त्याला खास जागा आहे, वेळ आहे, तिथवर पोहोचण्यासाठी लवणे आहे. ट्वेनच्या रोजनिशीकाराला जी ओळ चौथ्या दिवशी सापडेना ती हीच होती. लेखिकेला ती सापडली, कारण घर लावणाऱ्या स्त्रीला जागेचा विचार करावाच लागतो.

याच जातीचा, पण अधिक अस्वस्थ करणारा प्रसंग पक्ष्याचा आहे. लहान मुलगी तापाने आजारी. अन्नाची टंचाई आहे. चवळीच्या पिठाची न भाजली जाणारी भाकरी आणि खारट मांस यांवर दिवस काढावे लागत आहेत. एका सैनिकाने मुलीला खेळावयास म्हणून एक निळा जे पक्षी आणून दिला. मुलगी थोडा वेळ त्याच्याशी खेळली आणि मान फिरवून पडून राहिली. सिंथ नावाची चाकर स्त्री म्हणाली, ही भुकेली आहे, पक्ष्याचे सूप करू द्या. आईने प्रथम नकार दिला, मग मुलीकडे पाहून अर्धवट संमती दिली. सिंथ तत्काळ दिसेनाशी झाली. परत आली ती सूपाचा पेला आणि बशीत पक्ष्याचे पांढरे मांस घेऊन.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. खेळणे आणि अन्न यांमध्ये जे घडले ते लेखिकेने सांगितलेले नाही. पक्षी कोणी मारला, कोठे मारला, पेटवावयास लाकूड कोठून आले, गुहेबाहेर गोळे पडत होते की थांबले होते, यांपैकी काहीही नाही. एका वाक्यात सिंथ जाते आणि पुढच्या वाक्यात येते. वाचकाला हा संयम वाटतो, आणि काही अंशी तो आहेही; मातेचे मन जिथे पाहू इच्छीत नाही तिथे लेखणी पाहत नाही. परंतु दुसरीही गोष्ट त्यात आहे. आईच्या वाट्याला नकार, दया आणि अर्धी संमती आली. उरलेली अर्धी संमती आणि सगळी कृती दुसऱ्या स्त्रीच्या वाट्याला आली. कथनाचा कॅमेरा गुहेच्या आतच ठेवलेला आहे, आणि जे बाहेर जाऊन करावे लागते ते करणारी व्यक्ती कथनाच्या बाहेर जाते.

एकदा हे लक्षात आले की पुस्तक निराळे दिसू लागते. सिंथ आणि जॉर्ज यांना लेखिका ‘सर्व्हंट’ म्हणते. दक्षिणेकडील शिष्ट भाषेत गुलामाला सेवक म्हणण्याची रूढी होती, हे येथे विसरून चालणार नाही. रात्री जॉर्ज पिस्तूल घेऊन गुहेच्या तोंडाशी आडवा निजतो. जो आत येईल त्याला आधी आपल्या देहावरून जावे लागेल असे तो सांगतो, आणि लेखिका हे त्याच्या बोलीतील उच्चारांसह, कौतुकमिश्रित स्मिताने टिपून ठेवते. आत माता आणि मूल, उंबरठ्यावर जॉर्ज, त्यापलीकडे तोफा : गुहेच्या रचनेतच समाजाची रचना उतरली आहे. लोएसच्या भिंती ज्या देहाला पुरल्या नाहीत तो देह दाराशी भिंत म्हणून ठेवला गेला.

पहिल्या गुहेतील एका प्रसंगी ही रचना अगदी उघडी पडते. गोळा थेट आत येऊन सर्वांच्या मध्यभागी पडला; त्याची वात धुमसत होती. लेखिकेने मुलीला छातीशी धरले आणि ती भिंतीला टेकली. आश्रयाला आलेला एक मनुष्य गोळ्याच्या सर्वांत जवळ होता, त्याच्याकडे तिने एक जाड कांबळे दिले. सर्वांचे डोळे गोळ्यावर खिळलेले. इतक्यात जॉर्ज पुढे धावला, त्याने गोळा उचलला, रस्त्यावर फेकला आणि तो उलट दिशेने पळाला. वात जवळजवळ विझलेली असल्याने गोळा फुटला नाही. कांबळे देण्याच्या क्रियेला लेखिकेने अंतःप्रेरणेचे कारण दिले आहे. जॉर्जच्या क्रियेला कारण नाही. तो का धावला, परत आल्यावर काय म्हणाला, त्याचे हात भाजले का, हे विचारावयास त्या गुहेत कोणी नव्हते असे नाही. विचारण्याची रीत नव्हती.

आता गुहा मुळात कोणी खोदल्या, या प्रश्नाकडे येणे भाग आहे. लेखिकेने त्याचे उत्तर दिलेले आहे आणि तेही लपवून नव्हे. गुहा ही वेढलेल्या शहरातील ‘फॅशन’ झाली होती असे ती खेळकरपणे सांगते, आणि पुढे म्हणते की या कामातले जाणते कृष्णवर्णीय आकारमानाप्रमाणे तीस ते पन्नास डॉलर घेऊन त्या खोदून देत. गुहांची खरेदीविक्रीही चाले. एक जागा धोक्याची वाटली की ती दुसऱ्यास विकून कुटुंब अन्यत्र जाई. या मजकुराचा सूर शहरातील नव्या टूमेवर टीप लिहावी तसा आहे. पण तीस ते पन्नास डॉलर हा आकडा जेथे येतो तेथेच पुस्तकाचा पाया उघडा होतो. गुलामाने बाहेर मजुरीस जावे आणि तिचा मोठा वाटा बहुधा मालकाने घ्यावा, अशी त्या समाजातील व्यवस्था होती. ज्या गुहेत ताठ उभे राहण्याचे सुख लेखिकेने इतक्या अचूकपणे टिपले, तिची जमीन दोन फूट अधिक खोल करण्यासाठी कोणाची तरी पाठ तेवढा वेळ वाकलेली होती. ती पाठ ‘जमीन खणलेली होती’ या कर्मणी प्रयोगात नाहीशी झाली आहे.

यावर आक्षेप येईल की वेढ्यात सापडलेल्या, आजारी मुलीच्या आईकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. आक्षेप व्यक्तीपुरता रास्त आहे. लॉफबरोबाई निष्ठुर नव्हत्या. बाजूच्या गुहेत निजलेल्या मुलाच्या डोक्यावर छत फोडून गोळा आला आणि आई तोंडाशी बसलेली होती, हा प्रसंग त्यांनी ज्या आवेगाने लिहिला आहे, त्याच आवेगाने नसली तरी खऱ्या दुःखाने त्यांनी अंगणात सापडलेल्या न फुटलेल्या गोळ्याशी खेळताना मेलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाची हकिकत दिली आहे. प्रश्न करुणेचा नाही, रूपाचा आहे. घरकामाच्या सांगाड्याने त्यांना बोलके केले. परंतु त्या काळच्या दक्षिणेतील घर म्हणजे काम करणारे आणि काम सांगणारे यांची मांडणी होती, आणि घराचा सांगाडा उचलताच ती मांडणीही पुस्तकात आली. जे रूप मौन फोडते तेच दुसरे मौन बांधते. पुस्तकाची श्रेष्ठता आणि त्याची मर्यादा यांचा उगम एकच असल्याने, एक बाजूला काढून दुसरीचे मूल्यमापन करता येत नाही. रसाळ तपशील घ्यावा आणि उरलेले ‘काळाचा दोष’ म्हणून सोडून द्यावे, ही आपल्याकडील आठवणींच्या ग्रंथांबाबतही नेहमीची समीक्षारीती आहे. ती येथे उपयोगाची नाही.

इतर साक्षींशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. डॉक्टरपत्नी एमा बाल्फोर हिची रोजनिशी प्रकाशनासाठी लिहिलेली नव्हती. गुहेत प्रथम शिरताना जमिनीखाली जीव गुदमरल्याची, पिंजऱ्यात कोंडल्याची आणि हृदय क्षणभर थांबल्याची जाणीव तिने लिहून ठेवली आहे. लॉफबरोबाईंच्या व्यवस्थित ‘टी’ आकारात ही जाणीव कोठेतरी भिंतीआड गेली आहे. बाल्फोरची रोजनिशी २ जूनला, वेढा अर्धाही झाला नसताना, थांबते. तेवढ्यावरून ट्वेनचा विजय झाला असे वाटावे, तर डोरा मिलर हिची रोजनिशी वेढा संपेपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालते. ही स्त्री मनाने उत्तरेच्या संघराज्याच्या बाजूची होती आणि कॉन्फेडरसीच्या शहरात अडकली होती. शेजाऱ्यांजवळ जे बोलता येत नव्हते ते तिने कागदावर लिहिले. गुप्तता हाच तिचा सांगाडा झाला. ती मुख्यतः घराच्या तळघरात राहिली. तळघर इतके ओलसर की अंथरुणे रोज बाहेर काढून उन्हात टाकावी लागत. बाजारात खेचराच्या मांसाबरोबर सोललेले उंदीर टांगलेले असल्याची बातमी तिला मिळाली ती तिच्या मार्था नावाच्या चाकर स्त्रीकडून. ही रोजनिशी जॉर्ज वॉशिंग्टन केबल याने १८८५ साली ‘सेंच्युरी’ मासिकात लेखिकेचे नाव न देता प्रसिद्ध केली. तीत केबलच्या संपादनाचा हात किती, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पण बाजारातील बातमी आणणारी स्त्री नावानिशी आणि बातमीदार म्हणून येते, हा भेद ठळक आहे. गोळे पडत असताना बाजारात कोण जात होते, हेही त्याच वाक्यात समजून येते.

लेखनाच्या साधनांचीच त्या शहरात काय अवस्था होती, हे ‘डेली सिटिझन’ या वृत्तपत्रावरून कळते. कागद संपल्यावर ते भिंतीला लावावयाच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापले जाऊ लागले. २ जुलैच्या अंकाची जुळणी तशीच पडून होती. ४ जुलैला शहर पडल्यावर उत्तरेच्या सैनिकांनी तीत स्वतःचा मजकूर जोडून तो अंक पुन्हा छापला. त्या अंकाच्या प्रती पुढे संग्राहकांच्या आवडीच्या झाल्या आणि नकलाही पुष्कळ निघाल्या. वेढ्याचे हे स्मृतिचिन्ह दिवाणखान्यात लावावयास सोयीचे होते. १९०१ पर्यंत मासिकांतून व्हिक्सबर्गच्या स्त्रियांच्या आठवणी येत राहिल्या, आणि दरवेळी गुहा थोडी अधिक नीटनेटकी, सेवक थोडा अधिक एकनिष्ठ होत गेला.

या वेढ्यात जमिनीखाली आणखी एक वस्ती होती, आणि गुहावासाच्या वाङ्मयात तिचा समावेश करण्याची प्रथा नाही. ग्रँटच्या सैन्याने शहराच्या तटबंदीतील ‘थर्ड लुइझियाना रेडॅन’ या बुरुजाखाली भुयार नेऊन २५ जूनला पहिला आणि १ जुलैला दुसरा सुरुंग उडविला. बुरुजाच्या आतून कॉन्फेडरेट सैन्य शत्रूचे भुयार गाठण्यासाठी प्रतिभुयार खणत होते, आणि दुसऱ्या स्फोटाच्या वेळी हे खणण्याचे काम गुलामांकडून चालले होते. शहरातील टेकड्यांत ज्या मातीत तीस ते पन्नास डॉलरांच्या खोल्या कोरल्या गेल्या तीच ही माती, आणि कुदळ धरणारे हातही त्याच जातीचे. स्फोटात खणणारे गाडले गेले. एक वाचला : अब्राहम या नावाचा मनुष्य मातीबरोबर आकाशात फेकला गेला आणि उत्तरेच्या सैन्याच्या बाजूस जिवंत पडला. पडला त्या ठिकाणी तो गुलाम राहिला नव्हता. सैनिकांनी त्याला पाहावयास गर्दी केली, एका चित्रकाराने त्याचे रेखाचित्र काढले, आणि तो किती उंच उडाला असे विचारता त्याने ‘तीन मैल’ असे उत्तर दिल्याची गोष्ट उत्तरेकडील आठवणींच्या पुस्तकांत छावणीतील विनोद म्हणून पुनःपुन्हा छापली गेली. तीत त्याचा उच्चार काळजीपूर्वक वेडावाकडा लिहिलेला असतो, जॉर्जचा लिहिला होता तसाच. स्फोटापूर्वी त्या प्रतिभुयारात हवा कशी होती, दिवा जळत होता की नाही, पलीकडच्या कुदळींचा आवाज मातीतून ऐकू येत होता काय, तेथे ताठ उभे राहावयास जागा होती काय, यांपैकी कोणताही प्रश्न त्या आठवणींत त्याला विचारलेला नाही.